परदेशी निधी आणि आपली ग्रामसभा



गावात पाण्याची टाकी बांधली जाते, तेव्हा तिची जागा कोण ठरवतं? वर्षानुवर्षं ती जागा तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या कचेरीत ठरायची. ठेकेदार यायचा, टाकी उभी राहायची. मोटार जळाली की गाव म्हणायचं, "योजना सरकारची, दुरुस्तीही सरकारनंच करावी."

ही रीत बदलण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात 2003 साली सुरू झाला. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्यानं 'जलस्वराज्य' प्रकल्प आला. पुणे, अहमदनगर आणि औरंगाबाद या जिल्ह्यांत जर्मनीच्या मदतीनं 'आपलं पाणी' हा तशाच धर्तीचा प्रकल्प झाला. पैसा बाहेरचा होता, पण त्यासोबत आलेल्या अटी आपल्या ग्रामसभेला बळ देणाऱ्या होत्या. योजना हवी की नको, हे गावानं ठरावानं सांगायचं. खर्चाचा साधारण दहावा हिस्सा लोकवर्गणीतून उभा करायचा. पाणीपुरवठा समिती ग्रामसभेनं निवडायची, तिच्यात निम्म्या बायका. निधी समितीच्या बँकखात्यात यायचा आणि हिशेब तपासायला गावाचीच सामाजिक लेखापरीक्षण समिती असायची.

याच अटींत महिला ग्रामसभाही होती, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. पाणी भरतात बायका, पण टाकी कुठं आणि नळ कुठं, हे पारावर बसलेले पुरुष ठरवत. बायकांची वेगळी सभा झाली, तिचं इतिवृत्त लिहिलं गेलं, की टोकाच्या वस्तीवरचा हंडाही चर्चेत येतो.

जलस्वराज्यच्या आधी, नव्वदच्या दशकात, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमानं हीच दिशा धरली होती. अहमदनगरला आयुष्य वेचलेले फादर हर्मन बाकर आणि नाबार्ड यांचा त्यात मोठा वाटा. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे गावानं आधी मान्य करायचं. मग शेताच्या बांधावर उभं राहून, शेतकरी आणि त्याची बायको दोघांशी बोलून, त्या शेतात काय काम करायचं ते ठरायचं.

सगळीकडे हे नीट झालं का? नाही. काही गावांत लोकवर्गणी ठेकेदारानंच भरली. वरवर पाहता गरिबाचे पैसे वाचले. पण ज्यानं गावाची वर्गणी भरली, त्याच्या कामाचं मोजमाप मागायला गाव कचरतं. समितीत बायकांची नावं असतात आणि सह्या घरी जाऊन घेतल्या जातात, असंही घडतं. अशा ठिकाणी निधी खर्ची पडतो, पण लोकांच्या हाती सत्ता येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जलस्वराज्यसाठी आलेला जागतिक बँकेचा पैसा सवलतीचा असला तरी कर्ज होता. ते फिटतं आपल्याच करांतून. तेव्हा हिशेब मागणं म्हणजे उपकारकर्त्याशी कृतघ्नपणा नव्हे. तो आपला हक्क आहे.

1993 साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं ग्रामसभेला घटनेत स्थान दिलं. परदेशी मदतीनं त्या कायद्याला काही ठिकाणी हातपाय दिले, एवढंच तिचं काम आणि तेवढंच तिचं मोल. मदत देणारे निघून जातात, प्रकल्पाची मुदत संपते. पण ग्रामसभेच्या ठरावाशिवाय काम नाही, ही सवय गावाला लागली तर ती कोणी परत नेऊ शकत नाही. 2019 च्या जल जीवन मिशनमध्येही गावाची समिती, निम्म्या महिला आणि लोकवर्गणी ही तत्त्वं आली आहेत. चौदाव्या वित्त आयोगापासून केंद्राचा निधी ग्रामपंचायतीच्या खात्यात पोचतो आहे. आता बाहेरच्या कोणी अट घालण्याची वाट कशाला पाहायची? ती अट आपणच घालू या.

येत्या ग्रामसभेला जा. घरातल्या बायकांनाही बरोबर घेऊन जा. पाणीपट्टी किती जमली, दुरुस्तीवर किती गेली, शेवटच्या वस्तीला पाणी किती वेळ येतं, हे विचारा. उत्तर मिळालं की ते इतिवृत्तात लिहून घ्या आणि मगच सही करा.