घरच्या हॉर्नला युनिट कुठलं?

भोर-वेल्ह्याकडून एकच प्रश्न सारखा येतोय: लाकडी हॉर्न घरी केला, आता त्याला युनिट कुठलं लावू?

भोंग्याचं, फिनॉलिक पडद्याचं युनिट बोलणं खणखणीत पोचवतं. टाळ मात्र त्यावर पत्र्यासारखे वाजतात. डीजे टॉपमधलं एक इंच तोंडाचं, टायटॅनियम पडद्याचं युनिट टाळांची किणकिण सुरेख काढतं. पण ते सहसा १५०० हर्ट्‌झच्या खाली वापरायचं नसतं.

मी वापरलं! आवाज भरीव यावा म्हणून क्रॉसओव्हर ८०० ला लावला. हॉर्न लहान, खालच्या सुरांना त्यात हवेचा अडसरच मिळेना. पडदा मोकाट हलला आणि ऐन हरिपाठात फाटला. बुवा तसेच मोकळ्या गळ्यानं गायले, मी वायरी गुंडाळत बसलो.

तेव्हा तोरण्याच्या पायथ्याला कीर्तन लांबवर न्यायचंय? साधं फिनॉलिक घ्या. घरात गाणी ऐकायचीत? टायटॅनियम, २००० च्या वर.

तुलना करताना आधी दोन्हींचा आवाज सारखा करा; जोरात वाजणारं उगाच चांगलं वाटतं. आणि हो, बिनट्रान्सफॉर्मरचं युनिट १०० व्होल्टच्या लाइनला लावू नका, जळेल.