परदेशातील घर आणि इकडील पुंजी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही जन्मभर शाळेत मुलांना अपूर्णांक आणि शेकडेवारी शिकविली. म्हणून शेकडेवारीचाच एक विषय घेऊन आज आपल्यापुढे उभे आहोत. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांतील मुले-मुली इंग्लंडात नोकरीस आहेत. चार-सहा वर्षे भाडे भरल्यावर ती तेथे घर घेऊ म्हणतात, आणि इकडे आईबापांच्या मनात दोन विचार एकदमच येतात : आपणही हातभार लावावा, आणि लावलाच तर कागदावर आपलेही नाव असावे. पहिला विचार थोर आहे. दुसरा मात्र गणित मांडल्याशिवाय अमलात आणू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

प्रथम तेथील रीत पाहू. किती कर्ज मिळू शकेल याचे बँकेकडून प्राथमिक पत्र घ्यावयाचे, मग घर पाहून किंमत बोलावयाची. मालकाने होकार दिला तरी तो तेथील कायद्याने बंधनकारक नसतो. आपल्याकडे इसार दिला की माणूस निर्धास्त होतो, तसे तेथे नाही. अधिक किंमत देणारा भेटला तर मालक शब्द फिरवू शकतो. यानंतर नेमलेला सॉलिसिटर मालकीहक्क, स्थानिक संस्थेचे दप्तर, पाणी व सांडपाणी यांची चौकशी करतो, आणि सर्व्हेयर भिंती, छप्पर व ओल तपासतो. सर्व्हेयरचे काही शेकडे पौंड आणि सॉलिसिटरचे बहुधा हजार-दोन हजार धरावेत. व्यवहार मोडला तरी यातील बराच खर्च परत येत नाही.

मग करारपत्रांची अदलाबदल होते आणि साधारणतः किमतीचा दहावा हिस्सा भरला जातो. हे आपल्या साठेखतासारखे समजावे. यानंतर मागे फिरणाऱ्याची ती रक्कम जाऊ शकते. ठरल्या दिवशी उरलेले पैसे पोचले की किल्ली हाती येते. त्यापुढे १४ दिवसांच्या आत स्टँप ड्यूटीचे विवरण व कर भरावयाचा आणि भूमिनोंदणी खात्यात नाव लावावयाचे. फ्लॅट असेल तर तो बहुधा लीजवर असतो. लीजची किती वर्षे उरली आणि देखभालीचा वार्षिक आकार किती, हे आधी विचारावे.

आता नावाचा प्रश्न. ४,००,००० पौंडांचे घर उदाहरणादाखल घेऊ. १ एप्रिल २०२५ पासून इंग्लंडात जे दर लागू झाले, त्यांप्रमाणे आयुष्यात पहिलेच घर राहण्यासाठी घेणाऱ्यास यावर ५,००० पौंड स्टँप ड्यूटी पडते. ही सवलत ५,००,००० पौंडांपर्यंतच्या घरांनाच आहे. पहिले घर नसेल तर सर्वसाधारण आकार १०,००० पौंड होतो. परंतु मुलाबरोबर वडिलांचे नाव घातले, आणि वडिलांचे इकडे पुण्यास किंवा नागपुरास स्वतःचे राहते घर असले, तर काय होते? तो कायदा जगातील कोठलेही घर मोजतो. म्हणून जादा घराचे ५ टक्के, म्हणजे २०,००० पौंड वाढले. वडील तेथील रहिवासी नाहीत म्हणून आणखी २ टक्के, म्हणजे ८,००० वाढले. एकूण ३८,००० पौंड झाले! नुसत्या एका नावाची किंमत ३३,००० पौंड. स्कॉटलंड व वेल्स येथील कर निराळे आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.

याचीच दुसरी बाजू इकडे आहे. प्रेमापोटी आपण येथील फ्लॅटवर मुलाचे नाव लावून ठेवतो. परंतु घराचा हिस्सा बक्षीस म्हणून मिळो वा वारसाहक्काने, तो मुलगा इंग्लंडात ‘पहिले घर घेणारा’ राहत नाही. त्याची सवलत जाते. म्हणून नाव लावण्यापूर्वी त्यास विचारावे.

शिवाय येथे राहणाऱ्या माणसाच्या नावे परदेशी घर असले, तर आयकराच्या विवरणपत्रात ते दरवर्षी दाखवावे लागते. न दाखविल्यास २०१५ च्या कायद्याने १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता पैसे पाठविण्याविषयी. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार येथील रहिवाशास एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते. नातलगास दिलेले बक्षीसही त्यातच मोजतात. १ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमाप्रमाणे अशा बक्षिसाच्या १० लाखांवरील रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ वसूल करते. म्हणजे एकाने वर्षात ३० लाख पाठविले तर आणखी ४ लाख हाताशी हवेत. हा पैसा बुडत नाही. विवरणपत्रात वजावट किंवा परतावा मिळतो. तथापि तोवर तो अडकून पडतो, आणि निवृत्त माणसास चार लाख अडकणे लहान गोष्ट नव्हे.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. कर्ज देणारी तेथील बँक आईबापांकडून एक पत्र लिहून घेते : ही रक्कम बक्षीस आहे, परत मागणार नाही, घरात हिस्सा सांगणार नाही. पैसा कोठून आला याचे पुरावेही मागितले जातात; बँकेचे उतारे हवेत, जमीन विकली असल्यास खरेदीखत हवे. कित्येक वडीलधारी हे पत्र उपचार म्हणून सही करून देतात आणि मनात मात्र ‘पुढे मुलगा पाहील’ असा हिशोब धरून बसतात. सुजनहो, कागदावर दान आणि मनात ठेव, असा व्यवहार घरात कटुता आणतो. दिलेले ते दान, हे सहीपूर्वीच मनाशी पक्के करावे.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. डोक्यावरचे छप्पर विकून परदेशी छप्पर उभारू नये. उतारवयाच्या औषधपाण्याची पुंजी बाजूस काढून जे उरेल त्यातूनच द्यावे. आणि एका अपत्यास जे दिले ते इतर अपत्यांच्या समक्ष द्यावे, मृत्युपत्रातही नमूद करावे. लेकीचा वाटा या हिशोबात विसरू नये. मुलांनीही आईबापांस घराचे कागद दाखवून समजावून सांगावेत, आणि पैसे मागण्याआधी त्यांच्यापाशी काय उरेल ते विचारावे. दर बदलत असतात, तेव्हा व्यवहाराच्या वेळी जाणत्या सॉलिसिटरचा व चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला अवश्य घ्यावा.

आपली मुले परमुलुखात स्वतःच्या उंबरठ्यावर उभी राहावीत, आणि इकडचा उंबरठाही आपलाच राहावा, अशी आमची इच्छा आहे.