उस्ताद गाडी, शागिर्द चालक

इंग्लंडमध्ये १९३४ साली व्हिंटेज स्पोर्ट्‌स कार क्लब स्थापन झाला. त्याच्या लेखी ‘व्हिंटेज’ म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी. दुसरा खेळ गाजवून या शर्यतीत उतरणाऱ्याला त्याची चपळाईच नडते. यातल्या कित्येक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर मध्ये आणि ब्रेक उजवीकडे! घाबरून पाय सवयीच्या जागी पडला, तर गाडी थांबायची ती उसळते. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा, तोही इंजिनाचा सूर ओळखून. घाई केली की दाते करकरतात. तुटले तर दुकानात मिळत नाहीत, घडवून घ्यावे लागतात. म्हणून जुनी पदके घरी ठेवावीत आणि उस्तादापुढे शागिर्द बसतो तसे स्टिअरिंगपुढे बसावे. आधी कान तयार व्हावा. वेग मागाहून येतोच.