दुसरी किल्ली

(आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सवात ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मागच्या वर्षी याच ठिकाणी ए विंगच्या वहिनींनी बोन्सायवर बोलून आपल्याला थक्क केलं होतं. झाडं तरी दाखवता येतात. माझ्या छंदात दाखवण्यासारखं काही नाही. मी आयुष्यभर विज्ञानकथांचे सिनेमे बघितले, एवढंच. अडतीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्यामुळे लोकांना वाटतं या माणसाला पासबुकाशिवाय काही वाचता येत नसेल. आमची सौ. समोरच बसली आहे. तिचं मत असं की लग्नाआधी हे कळलं असतं तर तिने विचार केला असता.

सुरुवात कॉलेजात झाली. स्टॅन्ली कुब्रिकचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ तिकडे १९६८ मध्ये आला. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर माणूस चंद्रावर जाऊनही आला होता. आम्ही तिघे मित्र लोकलने गेलो. मध्यंतरात एक मित्र म्हणाला, “हे काय चाललंय?” आणि घरी निघून गेला. दुसरा झोपला. मी मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. चित्रपट कळला होता म्हणून गेलो असं समजू नका. शेवटची वीस मिनिटं मला आजही नीट कळत नाहीत. गेलो ते एका टेलिफोनसाठी.

त्या सिनेमात डॉक्टर फ्लॉइड नावाचे शास्त्रज्ञ चंद्राकडे जाताना वाटेत अंतराळस्थानकावर थांबतात आणि पृथ्वीवर घरी फोन लावतात. समोर पडद्यावर त्यांची छोटी मुलगी दिसते. दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस असतो. आई कुठे आहे, तर खरेदीला गेली आहे. बाबा सांगतात, मला यायला जमणार नाही, तुला काय आणू? ती आधी टेलिफोन मागते, मग एक माकडासारखं छोटं जनावर मागते. सबंध वेळ ती चुळबुळ करते, इकडेतिकडे बघते, बाबांकडे मोजून चार वेळा बघत असेल. ती मुलगी म्हणजे खुद्द कुब्रिकची लेक. फोन संपल्यावर पडद्यावर बिल येतं : १ डॉलर ७० सेंट.

त्या वेळी डॉलर साडेसात रुपयांना होता. म्हणजे १२ रुपये ७५ पैसे. बँकेत लागायच्या आधीच मी असले हिशोब करायचो! आणि त्या काळी आमच्या चाळीतून कोल्हापूरला मामाकडे फोन करायचा तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे त्याचे दर. सकाळी बुक केला तर संध्याकाळी लागला तरी नशीब, आणि लागल्यावर निम्मा वेळ “हॅलो, ऐकू येतंय का?” यात जायचा. त्यामुळे अंतराळातून चेहरा बघत बोलायचं आणि तेही पावणेतेरा रुपयांत, हे मला चंद्रापेक्षा मोठं आश्चर्य वाटलं.

आता आपल्या सगळ्यांच्या खिशात तो फोन आहे आणि बिलही येत नाही. माझा मुलगा टोरंटोजवळ असतो. रविवारी सकाळी आमची नात पडद्यावर येते. तिकडे शनिवारची रात्र असते, झोपायची वेळ झालेली असते. ती चुळबुळ करते, खाली वाकते, मधेच कॅमेऱ्यासमोर बाहुलीचा पाय धरते. मोजून चार वेळा आमच्याकडे बघते. मार्चमध्ये तिचा वाढदिवस झाला. “आबा, तू येणार?” असं तिने विचारलं. मी फ्लॉइडसारखंच विचारलं, “तुला काय पाठवू?” साठ वर्षांपूर्वी कुब्रिकने यंत्र कसं असेल हे ओळखलं, त्याचं मला विशेष नाही. क्लार्कसारखा माणूस त्याच्या शेजारी बसून लिहीत होता. उपग्रह एका जागी स्थिर ठेवून त्यावरून संदेश पाठवता येतील, हे आर्थर क्लार्कने १९४५ मध्येच लिहून ठेवलं होतं. पण यंत्र कितीही सुधारलं तरी बाप बाहेरगावीच असेल आणि पोर दुसरीकडेच बघत असेल, हेही त्यांनी ओळखलं. ते मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी दिसलं नव्हतं. ते दिसायला नात व्हावी लागली.

‘इंटरस्टेलर’ तुमच्यापैकी पुष्कळांनी बघितला असेल, २०१४ चा. त्यात एका ग्रहावर घालवलेला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. नायक तिथून परत यानावर येतो तेव्हा घरी तेवीस वर्षं उलटलेली असतात. मग तो बसून घरचे साठलेले निरोप बघतो. मुलगा मोठा होतो, त्याचं लग्न होतं, त्याला मूल होतं, आणि हा गृहस्थ नुसता बघतोय, उत्तर देता येत नाही. आम्ही थिएटरात होतो. सौ.ला असले सिनेमे आवडत नाहीत, पण त्या प्रसंगात तिने माझ्याकडे रुमाल मागितला. कृष्णविवराजवळ वेळ मंदावते हे शास्त्र खरं आहे. त्या सिनेमाचे सल्लागार किप थॉर्न यांना २०१७ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण रुमाल लागला तो शास्त्रासाठी लागला नाही.

कृष्णविवर म्हटलं की आपल्याला आणखी एक नाव आठवायला हवं. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पाठवली. नाव टाकलं नारायण विनायक जगताप. म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी केली! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंकडून कथा लिहून घेतली. आणि पहिला नंबर आला. ‘यक्षांची देणगी’ मी शाखेत जेवणाच्या सुट्टीत वाचत असे. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. तुमच्या मुलांना त्यांचं एक तरी पुस्तक आणून द्या. मराठीत असल्यामुळे आजी-आजोबांनाही वाचता येईल.

जाता जाता एक गंमत. स्पीलबर्गचा ‘क्लोज एनकाउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ आठवतो? त्यात हजारो माणसं बसून सूर आळवताहेत, त्यांना विचारतात हा आवाज कुठून आला, आणि सगळी बोटं एकदम आकाशाकडे जातात. पडद्यावर ते गाव उत्तर भारतातलं आहे. चित्रीकरण झालं आपल्या खोपोलीजवळच्या हाळ गावात. ‘२००१’ मधल्या कॉम्प्युटरचं नाव हॅल आणि हे हाळ, असा हा योग. पुढच्या वेळी पुण्याला जाताना मुलांना दाखवा.

आता त्या हॅलकडे येतो. आजच्या भाषणाचं खरं कारण तोच आहे.

हॅल ९००० हा गुरूकडे निघालेल्या यानाचा मेंदू. दारं, हवा, दिवे, दिशा सगळं त्याच्याकडे. दोन माणसं जागी, तिघांना गोठवून झोपवलेलं. हॅल गोड बोलतो, बुद्धिबळ खेळतो, चूक कधीच करत नाही अशी त्याची ख्याती. पुढे काय होतं ते माहीत आहेच. झोपलेले तिघे झोपेतच जातात, एकजण बाहेर फेकला जातो, आणि त्याला आणायला गेलेला बोमन परत येतो तेव्हा हॅल अतिशय नम्रपणे सांगतो की दार उघडता येणार नाही.

लोक म्हणतात, यंत्र माणसावर उलटलं. मला तसं वाटत नाही. मी बँकेतला माणूस, मला त्यात वेगळंच दिसतं. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असत. एक हेड कॅशियरकडे, एक ऑफिसरकडे. एका किल्लीने ती उघडत नाही. जॉइंट कस्टडी म्हणतात त्याला. किल्ली दुसऱ्याच्या हाती देताना रजिस्टरमध्ये सही. डुप्लिकेट किल्ल्यांचा संच दुसऱ्या शाखेत ठेवायचा. व्हाउचर एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं. यात कोणावर अविश्वास नसतो. माझे एक हेड कॅशियर देवमाणूस होते, तरी रोज संध्याकाळी दोघांनी मिळूनच कुलूप लावलं. त्या यानात हॅलच्या हाती दोन्ही किल्ल्या होत्या. चार-पाच माणसांचा श्वास एकाच कस्टडीत! आमचा इन्स्पेक्टर आला असता तर पहिल्या पानावर लाल शाईने शेरा पडला असता.

आणखी एक. १९८४ मध्ये याचा पुढचा भाग आला, ‘२०१०’. त्यात कळतं की हॅलला वरून हुकूम होता, मोहिमेचा खरा उद्देश त्या दोघांपासून लपवून ठेव. एकीकडे खरं सांगायचं, दुसरीकडे लपवायचं, यात तो बिघडला. म्हणजे चूक हुकूम देणाऱ्यांची होती.

बोमन वाचला कसा? संकटकालीन दार हाताने फिरवून उघडायची सोय होती. हेल्मेटशिवाय त्याने उडी घेतली आणि आत शिरून हाताने दांडा ओढून दार बंद केलं. एवढ्या अफाट यंत्रात त्याचा जीव वाचला तो एका हाताच्या दांड्याने.

मी यंत्रांचा शत्रू नाही, हे आधी सांगतो. १९८३ चा करार होऊन बँकांत यंत्रं येऊ लागली तेव्हा आमच्याकडे मोर्चे निघत होते. आमच्या शाखेत लेजर पोस्टिंग मशीन आलं, त्याचं शिक्षण घ्यायला पहिलं नाव मी दिलं. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान उतरलं, तेव्हा याच हॉलमध्ये आपण सगळे बसलो होतो. शेवटचा सगळा उतार यानाने स्वतःचा स्वतः उतरला, खालून कोणी हात लावत नव्हतं. पण आधीच्या अपयशानंतर इस्रोच्या लोकांनी काय काय बिघडू शकेल याचाच विचार करून ते यान बांधलं होतं. दुसरी किल्ली त्यांनी आधीच आत ठेवली होती.

तर मंडळी, येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठराव आहे. रात्रपाळीचे वॉचमन बंद करून गेटवर कॅमेरे, बूम बॅरिअर आणि मोबाईल ॲप बसवायचं. वर्षाला किती वाचतील याचा कागद नोटीस बोर्डावर आहे. मी तपासला. बेरीज बरोबर आहे. कॅमेरे बसवा, ॲप बसवा, मी हात वर करीन.

पण सहा वर्षांपूर्वीची जुलैची रात्र सांगतो. पावणेतीनची वेळ, धो-धो पाऊस, वीज गेलेली. सौ.च्या छातीत कळ आली. आम्ही चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. मोबाईलला रेंज येत-जात होती. मी बाल्कनीतून बॅटरी हलवून हाक मारली. वॉचमनमामा धावत वर आले, येताना तिसऱ्या मजल्यावरच्या दोन मुलांना दार वाजवून उठवलं, आणि तिघांनी मिळून हिला डायनिंगच्या खुर्चीत बसवून खाली आणली. रिक्षा मामांनी भर पावसात नाक्यावरून आणली होती की कुणी फोन केला होता, ते मला आजही आठवत नाही. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. ती आज समोर बसून मला खुणावते आहे की आवरा. त्या रात्री गेटवर ॲप असतं तर माझ्या मोबाईलवर ओटीपी आला असता, रेंज असती तर.

गेल्या वर्षी सी विंगच्या दोन मुली लिफ्टमध्ये अडकल्या. लिफ्टच्या मशीनरूममध्ये हाताने फिरवायचं चाक आहे, ते किती जणांना माहीत आहे? मामांना माहीत होतं. कंपनीच्या माणसाने त्यांना शिकवून ठेवलं होतं. त्यांनी चाक फिरवून लिफ्ट मजल्याला लावली आणि वीस मिनिटांत मुली बाहेर आल्या.

कमिटीला माझी सूचना लेखी दिली आहे. यंत्रं सगळी बसवावीत, दिवसपाळीचा एक माणूस कमी करायचा तर करावा, पण रात्री अकरा ते सहा गेटवर एक जागा माणूस असावा, आणि ज्येष्ठांच्या घरची एक-एक जादा किल्ली पाकिटात सील करून त्याच्या केबिनमध्ये ठेवावी. रजिस्टर मी स्वतः आखून देतो. सही-शिक्क्याची सवय अजून गेलेली नाही.

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने मुलांनी विचारलं म्हणून पुढच्या शनिवारी रात्री साडेआठला याच हॉलमध्ये ‘२००१’ दाखवणार आहे. प्रोजेक्टर डी विंगमधून येईल. जवळजवळ अडीच तासांचा आहे आणि पहिली पंचवीस मिनिटं कोणी एक शब्द बोलत नाही, नुसती माकडं आहेत. तेव्हा लहान मुलांना आधी जेवायला घाला, चहा थर्मासमध्ये आणा. सौ.ने माकडं संपेपर्यंत बसायचं कबूल केलं आहे. वॉचमनमामांनाही बोलावलं आहे. ते म्हणाले, ड्युटी आहे, पण गेटवरून आवाज ऐकीन.