मैदान आपलं, झोपही आपली

(‘वस्ती, मैदान आणि आवाज’ या विषयावर नागरिकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी ध्वनितज्ज्ञ नाही आणि वकीलही नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि गेली अनेक वर्षं एका स्टेडियमच्या भिंतीला लागून राहते. शहराचं नाव घेत नाही, कारण असं स्टेडियम आपल्याकडे कितीतरी शहरांत आहे. एका बाजूला आमचा मोहल्ला, दुसऱ्या बाजूला सोसायट्या आणि मध्ये मैदान. दिवाळी संपली की रात्रीच्या स्पर्धा सुरू होतात आणि मेअखेरपर्यंत चालतात. दहावी-बारावीचा अभ्यास आणि परीक्षा याच काळात येतात. काही वर्षं रमजानही याच काळात येतो. तेव्हा तरावीहनंतर चार तास झोप मिळाली तरी सहरीला उठणाऱ्या बाईसाठी ती पुष्कळ असते.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगते. आमची तक्रार मैदानाविरुद्ध नाही. दाट वस्तीत मैदान म्हणजे काय, हे मुंबईच्या नागपाड्याला विचारा. तिथे 1927 मध्ये नेबरहूड हाउस सुरू झालं. त्या परिसरात बास्केटबॉल असा रुजला की तिथल्या गल्ल्यांतून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचा मानकरी घडला. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलीही आता संध्याकाळी फुटबॉल खेळायला जातात. त्यांच्या आयांनी ही परवानगी सहज दिलेली नाही. उद्या आवाजाच्या भांडणात मैदानाला टाळं लागलं, तर मुलं रस्त्यावर खेळतील आणि मुली घरी बसतील. म्हणून ‘स्टेडियम बंद करा’ अशी मागणी आम्ही कधीच केली नाही आणि तुम्हीही करू नका.

मग आवाज कशाचा आहे? सगळा गोंगाट एकाच पोत्यात भरला की उपाय सापडत नाही. तो वेगळा करून पाहू या. चेंडू-बॅटचा आणि खेळाडूंच्या ओरडण्याचा आवाज असतो. षटकार बसला की प्रेक्षकांचा जल्लोष होतो. हे दोन्ही आवाज थोडा वेळ येतात आणि विरतात. तिसरा आवाज खांबांवरच्या भोंग्यांचा: समालोचन, देणगीदारांची नावं, पाहुण्यांचं स्वागत, प्रत्येक चौकारानंतर गाणं. चौथा डीजेचा, पाचवा जनरेटरचा. सहावा सामना सुटल्यानंतरचा, म्हणजे हॉर्न, फटाके आणि सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली. यातले पहिले दोन सोडले, तर बाकीचे चार खेळासाठी लागतच नाहीत.

दादरचं शिवाजी पार्क आठवा. 1925 पासून ते लोकांसाठी खुलं आहे आणि तिथल्या क्रिकेटबद्दल महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. 2010 मध्ये रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने तो परिसर शांतता क्षेत्र ठरवला. त्यामुळे क्रिकेट थांबलं का? नाही. आजही तिथे एकाच वेळी अनेक सामने चालतात. प्रश्न भोंग्यांचा होता, खेळाचा नव्हता.

आता कायदा पाहू. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपक लावला, तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलहून जास्त नको, किंवा 75 डेसिबलपेक्षा जास्त नको. दोन्हींतला जो आकडा कमी तो धरायचा. म्हणजे निवासी वस्तीतल्या स्टेडियमच्या भिंतीशी दिवसा 65. आयोजक नेहमी 75 चा आकडा सांगतात. त्यांना ‘जो कमी तो’ हे शब्द वाचून दाखवा.

रात्री दहानंतर बंद सभागृहासारख्या जागा सोडल्या तर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. वर छप्पर नसलेलं स्टेडियम बंद सभागृह नव्हे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस बारा वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी. एखाद्याच्या वाढदिवसाच्या चषकासाठी ती सूट नाही.

या नियमांमागची एक हकीकत मी शाळेतल्या मुलांना सांगत नाही, पण तुम्हाला सांगते. 18 जुलै 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणावर मोठा निकाल दिला. शांत जगण्याचा हक्क हा संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात येतो, असं त्यात म्हटलं आहे. ते प्रकरण कोर्टात गेलं ते एका तेरा वर्षांच्या मुलीवरच्या अत्याचारामुळे. शेजारी ध्वनिक्षेपकावर गाणी वाजत होती, म्हणून तिच्या किंकाळ्या कुणाला ऐकू आल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला पेटवून घेतलं. तेव्हा ‘थोडा आवाज सहन करा ना’ असं कुणी म्हणालं, तर मला ती मुलगी आठवते.

आता थोडं विज्ञान. डेसिबलचा हिशेब किलो-मीटरसारखा सरळ नसतो. आवाज 10 डेसिबलने वाढला की कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. आयोजक म्हणतात, ‘आम्ही दहा भोंग्यांचे पाच केले, आता काय?’ तेवढ्याने फक्त 3 डेसिबल कमी होतात आणि कानाला फरक जेमतेम कळतो. फरक पडतो तो अंतराने आणि दिशेने. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. उंच खांबावरचा भोंगा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचा, तर तो पुढच्या चार इमारतींपर्यंत पोहोचणारच. त्याऐवजी प्रेक्षकांच्या डोक्यावर, खाली तोंड केलेले, कमी ताकदीचे छोटे स्पीकर लावले, तर प्रेक्षकाला स्वच्छ ऐकू येतं आणि शेजाऱ्याला कमी. ॲम्प्लिफायरला मर्यादा घालणारं यंत्र बसवून त्याला सील लावलं, की बटण कुणी फिरवलं हा वादच राहत नाही.

डीजेच्या धमधम्याचं गणित वेगळं आहे. तो आवाज खिडक्या बंद केल्या तरी भिंतीतून आत येतो. आजारी माणसाच्या छातीत तो जाणवतो, पण नेहमीच्या डेसिबल मोजणीत पुरेसा दिसत नाही. म्हणून त्याच्याबाबत आकड्यावर भांडू नका. तो नकोच, एवढंच म्हणा. आणि कुणी ‘भिंतीला झाडं लावू’ असं म्हणालं, तर झाडं जरूर लावा, पण आवाज त्याने फारसा अडत नाही. भिंत उंच केली तर तळमजल्याला उपयोग होतो. तिसऱ्या मजल्यावरून भोंगा दिसतच असेल, तर तिथे आवाजही जाणारच.

हे बाहेरच्या जगातही घडलं आहे. लंडनच्या विम्बल्डनमध्ये 2009 साली सेंटर कोर्टवर सरकतं छप्पर आलं, दिव्यांत खेळता येऊ लागलं. पण शेजारी राहणाऱ्यांचा विचार करून रात्री अकराची मर्यादा ठरली. 2018 मध्ये जोकोविच आणि नदाल यांचा उपांत्य सामना रंगात असताना अकरा वाजले आणि खेळ दुसऱ्या दिवसावर गेला. जगातले दोन मोठे खेळाडू शेजाऱ्यांच्या झोपेसाठी थांबू शकतात, तर आपल्या वॉर्डातला चषकही थांबू शकतो. माद्रिदचं बर्नाबेउ स्टेडियम तर भर वस्तीत आहे. 2024 मध्ये तिथे संगीताचे जलसे सुरू झाले, तेव्हा रहिवाशांनी आवाजाविरुद्ध दाद मागितली. सप्टेंबरमध्ये क्लबला जलसे थांबवावे लागले. फुटबॉल मात्र चालू राहिलं. शिवाजी पार्कमध्ये जे दिसलं तेच तिथेही दिसलं.

आता ज्या मुद्द्यावर सगळे गप्प बसतात तिथे येते. आम्ही पहिल्यांदा तक्रारीची भाषा केली, तेव्हा ताबडतोब विचारणा झाली: ‘तुमच्या मशिदीच्या भोंग्याचं काय?’ विचारणाऱ्याचा हेतू चांगला नव्हता, हे कळत होतं. पण हेतू कसाही असला तरी प्रश्न रास्त आहे. नियमात अजान, आरती किंवा क्रिकेट असा शब्द नाही. त्यात फक्त वेळ आहे आणि आकडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये एका चर्चच्या प्रकरणात सांगितलं की दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा, असं कोणताही धर्म सांगत नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटलं की ध्वनिक्षेपक हा धर्माचा आवश्यक भाग नाही. ध्वनिक्षेपक येण्याआधी तेराशे वर्षं अजान होतच होती. फजरची अजान जवळजवळ वर्षभर सहाच्या आत येते, म्हणजे कायद्याच्या रात्रीत येते.

आमच्या मशिदीच्या विश्वस्तांशी मोहल्ल्यातली तरुण मंडळी बोलली. सोपं नव्हतं. ‘नियम फक्त आपल्यालाच लावतात’ असं एक बुजुर्ग म्हणाले. त्यांचं दुःख खोटं नाही. कारवाई निवडून होते, हा अनुभव अनेकांचा आहे. पण त्यावर उत्तर ‘आम्हीही मोडतो’ हे नाही. ‘एकच मीटर आणा आणि सगळ्यांच्या दाराशी लावा’ हे उत्तर आहे. आणि ते ताठ मानेने मागायचं, तर आधी आपलं दार नीट असावं लागतं. शेवटी फजरला बाहेरचा भोंगा न वापरण्याचं आणि इतर वेळी आवाज उतरवण्याचं ठरलं. लग्नाच्या वरातीतल्या डीजेवर अजून बोलणं चालू आहे. ते काम मशिदीपेक्षा अवघड निघालं, हेही सांगून टाकते!

त्यानंतर आम्ही मैदानापलीकडच्या सोसायटीत गेलो. तिथल्या काकूंच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. आमच्याकडे रात्रपाळी करून येणारे यंत्रमाग कामगार. मैदानाच्या दोन्ही बाजूंना एकच त्रास होता, पण इतकी वर्षं सोसायटीला वाटायचं की गोंगाट मोहल्ल्याचा आणि मोहल्ल्याला वाटायचं की तक्रारी द्वेषातून येतात. अर्जावर दोन्हीकडच्या सह्या आल्या, त्या दिवशी या प्रश्नाला हिंदू-मुस्लिम रंग देण्याची सोय संपली. माझ्या मते आमचं सगळ्यात मोठं यश हेच.

अर्जात आम्ही ठरावीक गोष्टीच मागितल्या. रात्रीच्या सामन्यांचं वेळापत्रक हंगामाआधी दोन्ही वस्त्यांत लावा. शेवटचा चेंडू साडेनऊला. उंच खांबांवरचे भोंगे उतरवा, छोटे स्पीकर लावा. डीजे नको. जनरेटर भिंतीपासून लांब आणि आवाजरोधक आवरणात. परीक्षेच्या काळात सामने दिवसा. सामना सुटल्यावर दोन्ही फाटकांवर माणूस उभा करा. आणि मैदान भाड्याने देतानाच या अटी करारात लिहा, अनामत ठेव घ्या, अट मोडली तर ती जप्त करा. ही शेवटची मागणी सगळ्यात महत्त्वाची आहे. नाहीतर दर सामन्याला पोलीस बोलवावे लागतात आणि शेजारी म्हणजे कटकट करणारी माणसं, असा शिक्का बसतो.

किती मिळालं? भोंगे उतरले, वेळापत्रक लागतं, मुलींचा सराव चालू आहे. साडेनऊची वेळ बहुतेक वेळा पाळतात. अंतिम सामन्याला पुढारी येतात आणि त्यांच्या मागून डीजेही येतो, ते अजून थांबलेलं नाही. अनामत ठेवीचा कागद कुठल्यातरी टेबलावर आहे.

तुम्ही आपापल्या वस्तीत हे करणार असाल, तर वहीपासून सुरुवात करा. तारीख, वेळ, कोणता आवाज, किती वाजता थांबला, एवढं लिहा. मोबाइलवरचं मोजमाप पक्का पुरावा नसतो, पण अधिकाऱ्याला अधिकृत मीटर घेऊन यायला लावायला ते पुरतं. रात्री दहानंतरचा ध्वनिक्षेपक असेल तर आकड्याचीही गरज नाही, तो वाजतोय एवढंच पुरे. 112 वर फोन करा. तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा, असं उच्च न्यायालयाने 2025 च्या त्याच निकालात पोलिसांना सांगितलं आहे. आणि स्पर्धा भरवणाऱ्या मुलांशी आधी बोला. ती आपलीच मुलं आहेत. त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं की भिंतीपलीकडे कोण झोपलं आहे.

पुढचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होईल. अर्ज त्याआधी द्यायचा आहे, आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांनी. आज इथे आलेल्यांपैकी ज्यांच्या घराजवळ मैदान आहे, त्यांनी बैठक संपल्यावर पाच मिनिटं थांबा. अर्जाचा नमुना मी सोबत आणला आहे.