माझी मुलगी सुतारकाम शिकते
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. ‘मुलींचे शिक्षण’ या विषयावर चार शब्द बोला असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. पण याच मंडळात दोन वर्षे मी एक खोटे बोलत आले आहे. ते दुरुस्त करायला हीच जागा बरी, म्हणून उभी राहिले.

माझी धाकटी बारावीनंतर बाहेरगावी शिकायला गेली, हे तुम्हांला ठाऊक आहे. काय शिकते, असे कुणी विचारले की मी “इंटिरियरचे” म्हणून सांगत असे. खरी गोष्ट अशी की ती लाकूडकाम आणि फर्निचरची रचना शिकते. अभ्यास चार वर्षांचा. करवत, रंधा, पटाशी, गुण्या ही तिची रोजची हत्यारे.

तिने हा विचार घरात काढला तेव्हा मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, “रंधाच मारायचा, तर फी भरून कशाला?” मलाही तसेच वाटले. उद्या पाहुणे मुलगी पाहायला आले तर काय सांगायचे? हिच्या वडिलांनी मात्र, “जाऊ दे तिला,” एवढेच म्हटले आणि पैसे भरले.

पहिल्या वर्षी मी तिला भेटायला गेले. कार्यशाळेत पायाखाली भुसा आणि ढलप्या. पोरीच्या बोटाला पट्टी. कित्येक दिवस एकच ठोकळा रंधून सहाही बाजू काटकोनात आणायच्या, एवढेच काम. शिकवणारे एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांच्याजवळ पदवी नाही, पण पदवी घ्यायला आलेली मुले त्यांच्यापुढे हात बांधून उभी. मुलीने कुसू कापले, ते खाचेत सैल बसले. मिस्त्रींनी नुसते हलवून पाहिले आणि ते बाजूला ठेवले. ती निमूटपणे दुसरे कापायला लागली. घरी एक पोळी करपली तर रुसणारी माझी मुलगी!

तिने मला एक गोष्ट समजावून सांगितली. लाकूड तोडले तरी त्याचे हलणे थांबत नाही. पावसाळ्यात हवेतला ओलावा घेऊन ते फुगते, कोरड्या दिवसांत आकसते. हे फुगणे रुंदीत होते, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून जाणता कारागीर टेबलाची फळी चारी बाजूंनी गच्च जखडत नाही, हलायला थोडी जागा ठेवतो. ती ठेवली नाही तर फळी तडकते. आपली दारे आषाढ-श्रावणात अडकतात आणि फाल्गुनात सहज लागतात, ते यामुळेच. इतकी वर्षे मी दाराला शिव्याच देत होते.

दुसरा धडा मापाचा. आधी माणूस मापायचा, मग लाकूड कापायचे. सुट्टीत आली तेव्हा तिने टेप घेऊन मलाच स्वयंपाकघरात उभे केले. माझी उंची पाच फूट. जमिनीपासून कोपर साडेसदतीस इंच. आमचा ओटा छत्तीस इंच. कणीक मळायला ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवा, असे तिचे म्हणणे. म्हणजे वीस वर्षे मी खांदे उचलून पोळ्या लाटत होते. ओटा बांधताना गवंड्याने यांना विचारले होते, मला कुणी विचारले नव्हते. मलाही सांगावेसे सुचले नाही.

तिने सागाच्या फळ्यांचा तीन इंच उंचीचा पाट केला, पायाखाली घ्यायला. ओल्यात फुगतील म्हणून दोन फळ्यांमध्ये फट ठेवली. खांदा पूर्ण बरा झाला असे मी म्हणणार नाही. पण संध्याकाळी तेल चोळायला लागत नाही.

हे शिक्षण आपल्याकडे कसे आले तेही तिने सांगितले. स्वातंत्र्यानंतर सरकारने चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन पतिपत्नींना बोलावले होते. त्यांनी 1958 साली अहवाल दिला आणि त्यात आपल्या साध्या लोट्याची वाखाणणी केली. पुढे 1961 साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. आपल्या देशातल्या स्त्रीपुरुषांच्या शरीराच्या मापांचे देबकुमार चक्रवर्ती यांचे पुस्तक त्याच संस्थेने 1997 साली काढले. तोवर बहुतेक परदेशी मापांवरच काम चाले.

जॉर्ज नाकाशिमा नावाचे एक जपानी वंशाचे अमेरिकन गृहस्थ होते. वास्तुशास्त्राची मोठी पदवी घेतलेले. पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमातल्या ‘गोलकोंड’ इमारतीचे काम त्यांनी पाहिले होते. महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडले, त्यांत हेही सापडले. तिथे एक जपानी पद्धतीचा जाणता सुतार होता. त्याच्याजवळ बसून ते हाताचे काम शिकले. पुढे लाकडी फर्निचरसाठी त्यांचे जगभर नाव झाले, आणि 1964 साली ते अहमदाबादच्या संस्थेतही आले. एवढा पदवीधर माणूस सुताराजवळ शिकला, आणि मला मात्र मुलीचे नाव सांगायची चोरी!

ती चोरी गेल्या गणपतीत उघडी पडली. शेजारच्या वहिनींचे दार फुगून अडकले होते. पोरीने रंधा आणून कड तासली. “जास्त तासायचे नाही हं काकू, थंडीत फट पडेल,” असेही सांगितले. वहिनी कौतुकाने म्हणाल्या, “अगं, इंटिरियरमध्ये हेही शिकवतात?” तिने माझ्याकडे पाहिले. तेव्हा बोलली नाही. रात्री भांडी आवरताना म्हणाली, “आई, तुला माझ्या कामाची लाज वाटते का?” मला उत्तर देता आले नाही.

तेव्हापासून एकच विचार मनात आहे. आमच्या आळीतले सुतारमामा हेच काम चाळीस वर्षे करतात. त्यांना आपण दारातच उभे करून मजुरीत घासाघीस करतो. त्यांचा मुलगा या धंद्यात आला नाही. या कामावर मुलगी कोण देणार, असे मामाच म्हणाले. बारा बलुतेदारांत ज्याच्या नांगरावाचून गावाची शेती अडायची, त्याच्या घरची ही गत. आणि त्याच कामाला कॉलेजचे नाव मिळाले की आपण त्याला मान देतो. त्यातही मी “इंटिरियर” म्हणत होते, कारण मला तेवढाही धीर नव्हता. कमीपणा कामात नव्हता, माझ्या नजरेत होता.

म्हणून आज सांगते. माझी मुलगी सुतारकाम शिकते, आणि चांगले शिकते. ज्यांना चार वर्षे आणि एवढी फी झेपत नाही, त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. तिथे मुलींनाही जाता येते. कुणाच्या मुलीच्या मनात असले, तर निदान माझ्यासारखे आडवे येऊ नका. आणि घरी गेल्यावर आपला ओटा एकदा मापून पाहा.

काही चुकले असेल तर मोठ्या मनाने क्षमा करा. वहिनी, तुमची विशेष क्षमा मागते. माझे चार शब्द इथेच पुरे करते.