विहारामागचं उंबर आणि आपली मुलं

(विहाराच्या वर्धापनदिनी पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



लहान मुलांना झाडे, प्राणी, पक्षी यांची माहिती कशी द्यावी, यावर बोला असे समितीने आम्हाला सांगितले आहे. आम्ही गिरणीत रिंग खात्यावर आयुष्य काढलेली माणसं. शाळा सातवीपर्यंत. पुढचं जे काही शिकलो ते रातपाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा शास्त्रज्ञासारखं बोलणं आमच्याकडून होणार नाही. पण रविवारच्या मुलांच्या वर्गात काय शिकवलं, आणि काय चुकीचं शिकवलं, ते सांगतो.

चुकीचं आधी. एका रविवारी आम्ही फळ्यावर लिहिलं : मूळ, खोड, पान, फूल, फळ. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "काका, मागच्या उंबराला फूल कुठे येतं?" आम्ही ठोकून दिलं, "उंबराला फूल येतच नाही. म्हणून तर क्वचित दिसणाऱ्या माणसाला उंबराचं फूल म्हणतात." ती गप्प बसली. पुढच्या रविवारी तिने आईकडून विळीवर चिरून घेतलेली चार कच्ची उंबरं रुमालात बांधून आणली. आत भिंतीला चिकटून शेकडो बारीक दाणे. "काका, हे काय आहे?" आम्हाला सांगता येईना. वाचनालयात जाऊन पुस्तक काढलं तेव्हा कळलं, हे दाणे हीच उंबराची फुलं! झाड फुलं दाखवत नाही, पिशवीत झाकून ठेवतं, एवढंच. आम्ही पन्नाशी ओलांडेपर्यंत ऐकलेली म्हण खरी धरून चाललो आणि त्या पोरीने फळ चिरून बघितलं. तिची आम्ही वर्गात सगळ्यांदेखत माफी मागितली.

मग सगळा वर्गच उंबराखाली नेला. फळाच्या टोकाला बारीकसं भोक असतं. त्यातून दोनेक मिलिमीटरची एक माशी, गांधीलमाशीच्या जातीची, आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. ती अंगावर दुसऱ्या उंबराचे परागकण घेऊन आलेली असते. काही फुलांत ती अंडी घालते, बाकीच्या फुलांत बी धरतं, आणि ती तिथेच मरते. तिची पिल्लं आत वाढतात. नरांना पंखच नसतात. ते बाहेर पडायची वाट कोरून देतात आणि संपतात. माद्या परागकण घेऊन उडतात, दुसरं उंबर शोधतात. ही माशी नाही तर उंबराला बी नाही, आणि उंबर नाही तर या माशीला घर नाही. ज्याला आपण "उंबरात किडे" म्हणून नाक मुरडतो, ते हे.

पिकलेल्या फळाला दिवसा तांबट, बुलबुल, साळुंकी, कोकीळ येतात. रात्री वटवाघळं. खाली पडलेलं मुंग्या आणि शेळ्या खातात. पक्ष्याच्या विष्ठेतून बी कुठल्यातरी इमारतीच्या फटीत पडतं आणि तिथे रोप येतं. मुलांनी हे सगळं वहीत नुसत्या चित्रांनी काढलं.

मुलांना आम्ही गिरणीचं उदाहरण दिलं. ब्लोरूम बंद पडली की कार्डिंगला कापूस नाही, कार्डिंग नाही तर रिंगवर सूत नाही, सूत नाही तर साचे थंड. निसर्गातही खाती आहेत. फरक एवढाच, की तिथलं बंद पडलेलं खातं लगेच कळत नाही. गिधाडांचंच बघा. आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या ढोरावर गिधाडांचा थवा उतरायचा. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. काही जाती ९० टक्क्यांहून जास्त संपल्या. जनावरांना टोचायचं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांचं मूत्रपिंड बिघडवत होतं. कारण २००४ साली कळलं, आणि २००६ साली आपल्या सरकारने जनावरांसाठी ते औषध बंद केलं.

आता गिधाडं निघालीच आहेत तर मनातलं बोलतो. आमच्या आजोबांना जनावरं, झाडपाला, पाखरं यांची माहिती पुष्कळ होती. पण ती आवडीने मिळवलेली नव्हती. मेलेली ढोरं ओढायची सक्ती होती, त्यातून आलेली होती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ते काम सोडा म्हणून सांगितलं, लोकांनी सोडलं, आणि उत्तम केलं. पुढे गाव सुटलं, त्याबरोबर मातीही सुटली. आज पोरगं मातीत हात घालायला गेलं की आई ओरडते, "घाण आहे ती! शिकून साहेब व्हायचंय तुला." त्या माऊलीला आम्ही दोष देत नाही. जिच्या सासूने दुसऱ्याची घाण काढली, तिला माती पोराच्या हाताला लागलेली कशी बघवेल? पण बायांनो, आपली पोरं आता मातीत हात घालतील ते कुणाच्या हुकमाने नाही, स्वतःला काहीतरी बघायचंय म्हणून. हा फरक लहान नाही. शाळेत 'परिसर अभ्यास' हा विषय आहे. त्यातला परिसर मात्र पुस्तकातच राहतो.

म्हणून घरी एवढं करा. गॅलरीत डब्यात कढीपत्ता असेल तर त्याच्या पानावरची अळी झटकू नका. लहान असताना ती पाखराच्या शिटेसारखी दिसते, म्हणून पाखरं तिला सोडून देतात. पुढे ती हिरवी होते, कोष करते, आणि साधारण महिनाभरात फुलपाखरू उडतं. चार पानं जातील आमटीतली. पोराला रोज बघू द्या, आणि त्याने विचारलेलं आपल्याला येत नसेल तर आमच्यासारखं ठोकून देऊ नका.

शेवटचा मुद्दा थोडा अडचणीचा आहे. मागचं आवार पेव्हर ब्लॉकने पक्कं करायचं आणि उंबर काढायचं, असा ठराव गेल्या बैठकीत झाला. उंबरं पडून चिकचिक होते, माश्या होतात, रात्री वटवाघळं येतात, अशी कारणं आहेत. चिकचिक खरी आहे. पण वटवाघूळ अशुभ, हे निदान आपल्या विहारात तरी कुणी बोलू नये. सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात मारू नयेत म्हणून ज्या प्राण्यांची यादी दिली, त्यात पोपट-मैनेबरोबर वटवाघूळही आहे. शिवाय शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते, ती अजून कुणी मागितलेली नाही.

त्या ठरावावर आमचीही सही आहे. तेव्हा फक्त चिकचिक दिसत होती. ती सही आम्ही आज सर्वांसमोर मागे घेत आहोत. ब्लॉक बसवायचे तर बसवा, बुंध्याभोवती चार-चार फूट माती मोकळी सोडा. पडलेली उंबरं झाडायला रविवारच्या वर्गाची पाळी लावू, पहिली पाळी आमची. समितीने पुढच्या बैठकीत विचार करावा.

येत्या रविवारी सकाळी आठला वर्ग उंबराखाली भरेल. फळं भरत आली आहेत. भिंग एकच आहे, कुणाच्या घरी असेल तर पोराबरोबर पाठवा.

जयभीम.